नावाड्याला मूल होतं का

वार्दोमध्ये नोव्हेंबर संपता संपता सूर्य रजेवर जातो,
परततो थेट जानेवारीत, तोही तासाभराच्या बोलीवर.
आमचा मंगळवार तेव्हाच भरात येतो:
हाल्दिसच्या स्वयंपाकघरातलं टेबल, वीस बाजूंचे फासे,
वाळवलेल्या माशाचे तुकडे, लोणी,
आणि मी, तोरुन्न, मासळीच्या कारखान्यात हिशेब लिहिणारी,
चौघांच्या जगाची मंगळवारपुरती विधाती.

यंदाची मोहीम यंत्राला सोबत घेऊन आखली.
रात्री भांडी विसळून झाली की लॅपटॉप उघडायचा,
म्हणायचं, एक बेट दे, मिठावर श्रीमंत झालेलं.
डोळ्याचं पातं लवायच्या आत बेट. खाली बंदर, वर मनोरा,
मनोऱ्यात शापित घंटा,
सात खानावळी, सात मालक, सगळे एकाक्ष.
म्हटलं, बाबा रे, एकाचे तरी दोन्ही डोळे शाबूत ठेव.
त्यानं क्षमा मागितली
आणि सातव्याला ठार आंधळा केला.

खोटं कशाला बोलू, उपयोग झाला.
कुठल्या राणीनं कुणाला काय वचन दिलं होतं
हे मी विसरते, ते विसरत नाही.
वाऱ्यांची नावं दिली, जहाजांवरचे कर दिले.
मिठागरातल्या मजुरांच्या शिव्याही मागून पाहिल्या;
फारच सभ्य निघाल्या,
आमच्या धक्क्यावर तशा लाडानं देतात.

मग एक नावाडी मागितला,
पलीकडे सोडण्यापुरता.
त्यानं लिहिलं:
अबोल. हात राकट. मुलगी बुडाली,
तेव्हापासून उतारूंकडून पैसे घेत नाही.

चांगलं होतं. तेच तर.
चहावर साय धरेपर्यंत पाहत राहिले.
त्याला काय ठाऊक, खिडकीकडच्या खुर्चीत
आस्लाउग बसते,
आणि तिची सिन्नोव, चार वर्षांपूर्वी, एप्रिलमध्ये,
बर्फ नुकता सुटायला लागला होता तेव्हा…
सांगता आलं असतं मला. एक वाक्य टंकायचं,
त्यानं समजूतदारपणे सगळं बदलून दिलं असतं.
नाही सांगितलं.
काही गोष्टी बेटाबाहेर जाऊ नयेत.
ओळ खोडली.
नावाड्याला मुलीऐवजी एक शेळी दिली.

मंगळवारी चौदा पानांचा आराखडा घेऊन बसले.
दहा मिनिटांत तो पाण्यात.
आयविन, एरवी बर्फ उपसायची गाडी चालवतो,
त्याचा चोर शेळीच्या प्रेमात पडला.
योव्ना तिचा भाव ठरवू लागला.
हाल्दिसनं शपथेवर सांगितलं, ही वेष पालटलेली राणी आहे.
शापित घंटेकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

दोन तास असेच. मग आस्लाउग,
फासा तळहातावर घोळवत,
तिची भालाईत काठावरच थांबवून:
"नावाड्याला मूल होतं का?"

'आहे का' नाही. 'होतं का'.

रेडिएटर खडखडला.
माझ्या आडपडद्यामागे चौदा पानं,
एकावरही उत्तर नाही,
होतं ते मीच पुसलेलं.
म्हटलं, "त्यालाच विचार."
तिनं विचारलं. आता नावाडी मी.
"होती एक," मी म्हणाले. "ही वल्ही तिनंच रंगवली."
"कुठला रंग?"
मला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं.
"तुला कुठला दिसतोय?"
"पिवळा," आस्लाउग म्हणाली. "रेनकोटासारखा."

कुणी फासा टाकला नाही.
आयविननं तिच्याकडे लोणी सरकवलं, चाकूसकट.
मग बऱ्याच वेळानं योव्ना हळूच म्हणाला,
शेळी विकत नाही, जा.

घरी येऊन नोंद केली: नावाडी, वल्ही पिवळी.
यंत्र लगेच म्हणालं, सुंदर तपशील!
पिवळ्या रंगामागचं रहस्य सुचवू का?
तीन पर्याय देतो.

मी लिहिलं, नको.
आपण खानावळींकडे वळू.
त्या सातव्याचे डोळे राहिलेत अजून.